परक्याचं टपाल पुढे पाठवणं परवडलं पाहिजे

सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा मी दुसऱ्यांच्या टपालासाठी ठेवला आहे. नेरूळमधली आमची जुनी सिडको वसाहत. इमारतींना लिफ्ट नाही, वॉचमन एकच, आणि तोच पाण्याची मोटारही चालू करतो. पोस्टमन जिन्याखालच्या पेट्यांत टपाल टाकतो. ज्याच्या पेटीचं दार तुटलेलं असतं त्याचं टपाल वॉचमनच्या टेबलावर जातं. जे आमच्यापैकी कुणाचंच नसतं, ते हिंडत हिंडत माझ्याकडे येतं. विम्याच्या हप्त्याची नोटीस, बँकेचं चेकबुक, कंपनीच्या रजिस्ट्रारचं केवायसीसाठीचं स्मरणपत्र, लग्नपत्रिका, देवस्थानाची पावती, तुळशीचं लग्न उरकल्यावर पोचलेला दिवाळी अंक.

हे टपाल दोन जातींचं असतं. एकाचा पत्ता चुकलेला असतो. दुसऱ्याचा पत्ता बरोबर असतो, पण माणूस निघून गेलेला असतो. पहिल्यासाठी दोन गल्ल्या चालाव्या लागतात. दुसऱ्यासाठी कधी डोंबिवली, कधी चिपळूण, तर कधी थेट न्यू जर्सी गाठावी लागते. दोन्ही बाबतींत माझं म्हणणं एकच आहे. चुकलेलं टपाल मालकाला मिळेल की नाही, हे टपालखात्याच्या दक्षतेइतकंच ते पुढे पाठवण्याच्या दरावर ठरतं. परक्याचं पाकीट पुढे धाडण्यात कुणाचाच फायदा नसतो. असं काम माणूस जवळजवळ फुकट असेल तरच करतो. गेल्या दोनेक वर्षांत आपण नेमका हा फुकटासारखा मार्गच अरुंद करत आणला आहे.

आधी पत्त्याचं बघू. नवी मुंबईत पोस्टमनला दोष देण्याआधी शहराचा नकाशा समोर घ्यावा. सिडकोची स्थापना 1970ची. तिने खाडीच्या या बाजूला एकामागून एक नोड वसवले आणि प्रत्येक नोडमधल्या सेक्टरांना पुन्हा एकपासून क्रमांक दिले. त्यामुळे सेक्टर 10 वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे आणि खारघरलाही आहे. प्रत्येक ठिकाणी प्लॉट नंबर 12 असू शकतो आणि त्यावरच्या इमारतीचं नाव ‘साई’ने सुरू होण्याचा संभवही दांडगा. जमीन गेलेल्या गावकऱ्यांना परत मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या गावठाणालगतच्या इमारती बघा, म्हणजे खात्री पटेल. जुन्या गावांतल्या माणसांना ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढं पुरत होतं, कारण गावात मारुतीचं देऊळ एकच होतं. ‘सेक्टर 10, नवी मुंबई’ ऐकायला काटेकोर वाटतं, पण त्यावरून कुणाचंही घर सापडत नाही.

त्यात बँकांचे आणि ऑनलाइन दुकानांचे फॉर्म. शहराच्या रकान्यात ‘नवी मुंबई’ निवडलं की नेरूळ, घणसोली, सानपाडा ही नावं कुठल्या तरी जास्तीच्या ओळीत ढकलली जातात. पाकिटाच्या खिडकीतून चारच ओळी दिसतात, आणि पाचवी, जी खरी कामाची, ती आत घडीत दडते. मग सगळा भार पिनकोडवर येतो. तोही घरातलेच चुकवतात. खारघरला राहणारे 410210च्या जागी 400ने सुरू होणारा एखादा आकडा ठोकून देतात, कारण आपण मुंबईकर. खारघर रायगड जिल्ह्यात आहे आणि त्याचे पहिले तीन अंक पनवेल-लोणावळ्याशी जुळतात, दादरशी नव्हे. एवढं कळलं तरी काही पाकिटांची एक फेरी वाचेल.

हा पिनकोड देणारा माणूस आपला, कोकणातला. श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांची सहा अंकी रचना 15 ऑगस्ट 1972 रोजी लागू झाली. पहिला अंक देशातला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं टपाल कार्यालय. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते पंधरा-वीस भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले. या गोंधळावर त्यांनी आकड्यांचा तोडगा काढला, आणि पन्नास वर्षं उलटली तरी तो चालतो आहे. पण पिनकोड आपल्याला टपाल कार्यालयाच्या दारापर्यंत नेतो, जिन्यापर्यंत नाही. नेरूळ, सीवूड्स, दारावे, सगळ्यांना 400706च.

जिन्यापर्यंत नेण्यासाठी टपालखात्याने मे 2025मध्ये डिजिपिन आणला. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या रिमोट सेन्सिंग केंद्राच्या मदतीने देशाची सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत विभागणी केली आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांची खूण दिली. वाडीवस्तीवर रुग्णवाहिका न्यायला हे उत्तम. पण पामबीच रोडवरच्या तीस मजली टॉवरमध्ये एका चौकोनावर तीस स्वयंपाकघरं एकावर एक रचलेली असतात, आणि त्या सगळ्यांचा डिजिपिन एकच. नवी मुंबई आता उंचीने वाढते आहे. इथे मजला आणि फ्लॅट नंबर लिहिण्याला पर्याय नाही, आणि नोडचं नाव गाळण्याला माफी नाही.

चुकलेल्या पाकिटाची किंमत बाहेरून कळत नाही, म्हणून लोक ते केराच्या टोपलीत टाकतात. कागदी शेअर बाळगणाऱ्या जुन्या भागधारकाला रजिस्ट्रारने पाठवलेलं साधं स्मरणपत्र घ्या. ते पोचलं नाही, केवायसी झालं नाही, तर लाभांश अडकून राहतो. सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही, तर तो आणि त्याबरोबर शेअरही कंपनी कायद्यानुसार सरकारच्या गुंतवणूकदार निधीत जमा होतात. परत मिळतात, पण अर्ज, दाखले, हमीपत्रं, वारसाचे कागद यांच्या फेऱ्यातून. ‘हा माणूस इथे राहत नाही’ म्हणून कुणीतरी फेकलेल्या लिफाफ्याची किंमत ही असू शकते.

कायद्यालाही पूर्वी याची जाण होती. 1898च्या टपाल कायद्यात कलम 68 होतं. दुसऱ्याचं टपाल मुद्दाम दाबून ठेवणं किंवा टपाल अधिकाऱ्याने मागूनही न देणं हा गुन्हा होता, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याची जागा घेणारा 2023चा टपाल कायदा 18 जून 2024 रोजी अमलात आला आणि गुन्ह्यांचं ते सगळं प्रकरणच गेलं. अप्रामाणिकपणाने लाटलं तर भारतीय न्याय संहिता आहेच. त्या जुन्या कलमाखाली आमच्या परिसरात कुणी तुरुंगात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही, आणि शेजाऱ्यांना तुरुंगात धाडावं अशी इच्छाही नाही. पण दुसऱ्याच्या पाकिटावर आपला हक्क नाही, ते पुढे देणं आपल्याकडे लागतं, हे सांगणारी ओळ पुस्तकातून निघाली. आता हे काम निव्वळ चांगुलपणावर उरलं. चांगुलपणाला खर्च झेपतो कितपत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

देशातल्या देशात साध्या पत्राचा तो अजून झेपतो. न उघडलेल्या पत्रावरचा जुना पत्ता खोडायचा, बाजूला नवा लिहायचा आणि पत्र पोस्टात परत द्यायचं. पुन्हा तिकीट लावावं लागत नाही. ही सोय निम्म्या लोकांना ठाऊक नसते. नवा पत्ता माहीत नसेल तर ‘सोडून गेले’ असा शेरा मारून परत द्यावं, ते पाठवणाऱ्याकडे जातं. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल, तर परतपत्र कार्यालयात जातं. तिथे अधिकृतपणे पाकीट उघडून मालकाचा माग काढतात. हे त्या कार्यालयाचं काम, आपलं नव्हे.

पण जरा मौल्यवान कागद जबाबदारीने, पोच घेऊन पाठवायचा झाला की चित्र बदलतं. रजिस्टर्ड पोस्ट 1 सप्टेंबर 2025पासून स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याआधी साधं रजिस्टर्ड पाकीट करासकट सुमारे 26 रुपयांत देशभर जायचं. ऑक्टोबर 2025च्या दरांनुसार 50 ग्रॅमचं स्पीड पोस्ट गावातल्या गावात 19 रुपये, बाहेर कुठेही 47. रजिस्टर्डसारखं त्याच माणसाच्या हातात द्यायचं तर आणखी 5, आणि त्यावर जीएसटी. म्हणजे डोंबिवलीत गेलेल्या भाडेकरूचं चेकबुक पाठवायचं तरी साठ रुपयांच्या आसपास. साठ रुपये फार नाहीत, मान्य. पण जो आपला कुणी नाही आणि ज्याची ओळख एका लिफाफ्यापुरती आहे, त्याच्यासाठी दर वेळी साठ रुपये मोजायला सोसायटीच्या सभेत मंजुरी मागून बघा.

खरी अडचण देशाबाहेर. नवी मुंबईतल्या कुठल्याही जुन्या वसाहतीत दोन-चार कुटुंबांतली मुलं परदेशी असतात आणि हळूहळू आईवडीलही तिकडे जातात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू असेच न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे गेले. फ्लॅट विकला, बँकेतला पत्ता बदलला. पण देवस्थानाला, ज्ञातीच्या मासिकाला आणि गावाकडच्या मित्राला कोण कळवणार? त्यांचं टपाल येत राहिलं. काका फोनवर म्हणतात, “ताई, फोटो काढून टाका ना.” त्यांनी सांगितलं म्हणून त्यांची पाकिटं मी फोडते. अनोळखी माणसाचं पाकीट मी फोडणार नाही, आणि कुणी फोडूही नये. शिवाय फोटोने मजकूर पोचतो, वस्तू पोचत नाही. काकूंच्या माहेरच्या देवस्थानाकडून आलेल्या जाड पाकिटात अंगाऱ्याची पुडी होती. तिचा फोटो काढून काय साधणार?

ती पाठवायला मी एका टपाल कार्यालयात गेले. नोकरीची सगळी वर्षं न्हावा-शेव्याच्या कस्टम क्लिअरिंगमध्ये कागद करण्यात गेली. शिपिंग बिल, मालाचं वर्णन, कोड, एफओबी किंमत हे सगळं पाठ. पण अंगाऱ्याची एफओबी किंमत किती लिहायची, हे मलाही सुचेना. नुसतं पत्र असतं तर साध्या हवाई टपालाने गेलं असतं, ते अजून आवाक्यात आहे. पाकिटात पुडी आली की तो माल होतो. त्याला जाहीरनामा लागतो, आणि मग ट्रॅकिंगची सेवा किंवा परदेशी स्पीड पोस्ट एवढेच पर्याय उरतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. पुडी शेवटी तिकडे निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून गेली. आता परदेशी टपाल आपण असंच पाठवतो, कुणाच्या तरी बॅगेतून आणि त्याच्या उपकारावर.

हे का झालं, याला इतिहास आहे. 9 ऑक्टोबर 1874 रोजी बर्नमध्ये 22 देशांनी एक करार केला. टपालापुरतं सगळं जग एकच मुलूख मानायचं. पाठवणाऱ्या देशाने तिकिटाचे पैसे ठेवायचे आणि पोचवणाऱ्याने पत्र आपलंच समजून घरी न्यायचं, कारण उत्तर आलं की हिशेब फिटतो. भारत 1876मध्ये या संघटनेत आला. पुढे काही देश पाठवू जास्त लागले आणि काहींच्या वाट्याला वाटपच जास्त आलं, तेव्हा 1969च्या टोकियो अधिवेशनात वाटपाचा मोबदला ठरला. मग ऑनलाइन खरेदी आली. चीनमधून येणारी छोटी पाकिटं आपण तोट्यात वाटतो, अशी तक्रार करत अमेरिकेने ऑक्टोबर 2018मध्ये संघटना सोडण्याची नोटीस दिली. सप्टेंबर 2019मध्ये जिनिव्हात तडजोड झाली आणि जुलै 2020पासून छोट्या पाकिटांचा मोबदला स्वतः ठरवण्याची मुभा अमेरिकेला मिळाली. शेवटच्या मैलाचा खर्च असा पहिल्या खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्यात आला. भांडण होतं व्यापाऱ्यांच्या पाकिटांचं. त्यात अंगाऱ्याची पुडीही ओढली गेली.

त्यावर 2025चा ऑगस्ट उजाडला. आठशे डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली शुल्कमाफी अमेरिकेने काढून घेतली. ते शुल्क कोण, कसं गोळा करणार याचा पत्ता नव्हता, म्हणून भारतीय टपालखात्याने 25 ऑगस्टपासून अमेरिकेचं बहुतेक टपाल थांबवलं आणि महिनाअखेरीस साधी पत्रंसुद्धा. सेवा पुन्हा सुरू झाली 15 ऑक्टोबरला. जाहीर केलेल्या किमतीच्या 50 टक्के शुल्क पाठवणाऱ्याने आधी इथेच भरायचं, अशी त्या वेळी मालासाठी व्यवस्था होती. दिवाळीची पहिली आंघोळ होती 20 ऑक्टोबरला. फराळाचे डबे पाठवण्याचा सगळा हंगाम कोरडा गेला. ज्यांना परवडलं त्यांनी खासगी कुरिअर केलं, बाकीच्यांनी व्हिडिओ कॉलवर चकल्या दाखवल्या.

अमेरिकेचं शुल्क आपल्या हातात नाही, हे मला समजतं. पण 1 जानेवारी 2026पासून जे झालं, ते आपण केलं. परदेशी जाणाऱ्या पत्रटपालातली छोट्या पाकिटांची सेवा बंद झाली आणि बोटीने जाणारा स्वस्त मार्गही. आता जे जाईल ते विमानाने. ज्ञातीचं मासिक, एखादं जुनं पुस्तक, अर्धा किलोचा दिवाळी अंक, सगळं विमानाने. दिवाळी अंक परदेशी स्पीड पोस्टाने पाठवला, तर हंशील अंकाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं. बोटीने तो दोन-तीन महिन्यांनी पोचायचा. पाडव्याला का होईना, पोचायचा. दिवाळी अंक गुढीपाडव्याला वाचल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

हे नवी मुंबईत बसून पाहताना जास्त खुपतं. पामबीच रोडपलीकडे खाडी, खाडीपलीकडे उलवे आणि त्याच्याही पलीकडे न्हावा-शेवा. ते बंदर 1989मध्ये सुरू झालं, आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. उलव्यालाच नवा विमानतळ डिसेंबर 2025मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. जगात माल पाठवण्याची एवढी साधनं क्वचितच एका शहराच्या उंबऱ्यावर असतील. वीस फुटी कंटेनरमध्ये वीस टनांच्या आसपास माल बसतो आणि किलोमागे समुद्राचं भाडं विमानापुढे नगण्य, हे मी आयुष्यभर कागदावर लिहीत आले. तांदूळ बोटीने जातो, फरशा बोटीने जातात. पुस्तक मात्र जाऊ शकत नाही.

यावर उत्तर ठरलेलं आहे. आता पत्रं लिहितं कोण, टपालखातं तोट्यात आहे, डेन्मार्ककडे बघा. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने चारशे वर्षांची परंपरा मोडून 2025च्या डिसेंबरअखेर पत्रवाटप थांबवलं, हे खरं. पण तो पन्नास-साठ लाखांचा देश, आणि तिथले सरकारी कागद केव्हाच संगणकावर गेलेत. आपल्याकडे चेकबुकपासून पासपोर्टपर्यंतची मूळ कागदपत्रं अजून टपालानेच येतात. टपालखातं तोट्यात असेल, तर तोटा महाग सेवेने भरून निघेल ही समजूतही तपासावी लागेल. ज्याला पंधराशे रुपये द्यायचे असतात तो खासगी कुरिअरकडे जातो. ज्याच्याकडे दीडशे आहेत आणि घाई नाही, तोच टपालखात्याचा हक्काचा गिऱ्हाईक होता. त्यालाच आपण खिडकीवरून परत पाठवलं.

म्हणून मागण्या साध्या आहेत. महापालिका, बँका आणि विमा कंपन्यांनी पत्त्याच्या फॉर्ममध्ये नोडसाठी स्वतंत्र, सक्तीचा रकाना द्यावा. प्रत्येक टपाल कार्यालयात चुकून आलेलं टपाल रांगेत उभं न राहता परत देता येईल, अशी एक उघडी पेटी असावी आणि तिच्यावर ‘नवा पत्ता लिहा, तिकीट नको’ असं मोठ्या अक्षरांत लिहावं. सोसायट्यांनी तुटक्या पेट्या दुरुस्त कराव्यात, वॉचमनच्या टेबलावरचं टपाल आठवड्यातून एकदा छाटावं आणि फ्लॅट विकणाऱ्याकडून ना-हरकत दाखल्याबरोबर पुढचा पत्ता लिहून घ्यावा. आम्ही तो घ्यायला लागलो आहोत, कुणी कुरकुर केली नाही.

टपालखात्याकडे मागणं एकच. परदेशासाठी एक संथ, स्वस्त वर्ग परत आणा. दोन किलोपर्यंतची पुस्तकं, छापील कागद आणि घरगुती भेटीच्या छोट्या वस्तू. ट्रॅकिंग नको, तारखेची हमी नको, विक्रीचा माल घेऊ नका. शुल्काचा गुंता असलेले देश हवं तर सुरुवातीला वगळा. वेगाचे पैसे ज्याला वेग हवा त्याच्याकडून जरूर घ्या, पण ज्याला घाई नाही त्याला थांबायची मुभा ठेवा. न्हावा-शेव्याहून महिन्याला एक कंटेनर भरला, तरी सुरुवातीला पुरे.